ही मालिका दिवाळी बघणार नाही

टीव्हीवरची मालिका बंद पडणार हे त्या मालिकेतल्या नटनट्यांच्या आधी डहाणूतल्या एका माणसाला कळायचं, आणि त्या माणसाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्याने राहिले. हे सांगताना आजही माझा आवाज जरा चढतो. लोकांना थट्टा वाटते. वाटू दे.

मी मूळची परभणीकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर तलासरी तालुक्यात नेमणूक झाली तोवर समुद्र मी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला होता. शाळा एका पाड्यावर, राहायची सोय डहाणूत. घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशन मास्तर. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. पहिल्या दिवशी किल्ली हातात देताना त्यांनी दोनच अटी घातल्या. पाणी सकाळी सहाला येतं, ते भरून ठेवायचं. आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ काही अडलं तर काकूंना सांगायचं, त्यांना नाही.

"का? पूजा असते?" मी विचारलं.

"ड्युटी असते," मास्तर म्हणाले.

ती ड्युटी मी त्याच संध्याकाळी पाहिली. सव्वासहाला आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि फुल पँट घालून, केस चापून बसवून मास्तर टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीवर बसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर पडद्यावरच्या सुनेने सासूच्या पायावर डोकं ठेवलं होतं आणि मास्तर एखादी गाडी फलाटात शिरताना पाहावी तसे तिच्याकडे पाहत होते. आतल्या खोलीत काकू मोबाइलवर क्रिकेटची मॅच बघत होत्या. काकूंना मालिकांचा मनस्वी तिटकारा. मधूनच आतून आवाज यायचा, "तुमच्या त्या बाईचं बाळंतपण झालं का हो? तेरा महिने झाले बिचारीला!"

"पुढच्या आठवड्यात होतंय," मास्तर शांतपणे सांगायचे. "मुलगी होणार. आणि आई जाणार, कारण त्या नटीला दुसरं काम मिळालंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी एकदा न राहवून विचारलं.

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? दोन आठवडे ती सगळ्यांना क्षमा करत सुटलीय. बाई, मालिकेतलं माणूस उगाच क्षमा करत नाही."

मुलगी झाली. आई गेली.

मास्तरांचं पाहणं आपल्यासारखं नव्हतं. आपण गोष्ट बघतो, ते गोष्टीच्या मागचं घर बघायचे. नायिकेने एका आठवड्यात एकच साडी दोनदा नेसली की त्यांची भुवई वर जायची. घरातली माणसं एकेक करून कुणी तीर्थयात्रेला, कुणी अमेरिकेला जायला लागली की ते बोटं मोडायचे. जेवणाच्या प्रसंगात ताटं दिसतात पण वाढताना कुणी दिसत नाही, ही त्यांच्या मते फार वाईट खूण. मालिकेतल्या दवाखान्याचा पडदा आधी कुणाच्या तरी बेडरूममध्ये होता, हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी चाट पडले. आठची मालिका साडेसहाला आणली की ते मान हलवून म्हणायचे, "मेन लाइनवरून काढली." पाच वर्षांची उडी मारली तर, "एक्स्टेंशन मिळालंय, सहा महिन्यांचं." आणि खलनायिका एकटी बसून रडायला लागली की, "माल संपला. आता ही सुधारणार, आणि सुधारली की घरी जाणार."

मालिकांच्या लोकप्रियतेचे आकडे गुरुवारी येतात म्हणे. मास्तर म्हणायचे, "त्यांना गुरुवारी कळतं, मला सोमवारी कळतं."

हळूहळू मला समजलं की हे गुपित माझ्या एकटीचं नाही. भाजी घ्यायला त्यांच्याबरोबर गेलं की अर्धा तास मोडायचा. शेजारच्या गुजराती भाभी मालिकेतल्या मेलेल्या बाईबद्दल गॅलरीतून ओरडून विचारायच्या, "मास्तर, आ बेन पाछी आवशे के नही?" म्हणजे परत येणार की नाही. मास्तरही तितक्याच गंभीरपणे "नही आवे, फोटाने हार चढी गयो," असं उत्तर द्यायचे, फोटोला हार चढला म्हणजे विषय संपला. केस कापायला बसले की न्हावी कात्री थांबवून विचारायचा. तलासरीच्या एका कॉलेजातले हेडक्लार्क तर दर शनिवारी फोन करायचे. त्यांच्या आईची साडेसातची एक मालिका होती आणि ती बंद पडली तर आईचं कसं होणार या काळजीत ते गृहस्थ असायचे. मास्तर त्यांना धीर द्यायचे. "अजून वर्षभर मरण नाही. स्वयंपाकघराला नवीन टाइल्स लावल्यात, बघितलं नाही का?"

एवढं असून त्यांनी स्वतःच्या आवडीला या निकालात कधी मध्ये येऊ दिलं नाही. एखादी टुकार मालिका दोन वर्षं चालेल असं ते तोंड वाकडं करून सांगायचे आणि ती चालायची. "आवडणं वेगळं, चालणं वेगळं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य त्यांना स्वतःला किती महाग पडू शकतं, हे मला चौथ्या वर्षी कळलं.

त्या वर्षी आमच्याकडे शूटिंग आलं. समुद्राकाठच्या गावातली गोष्ट होती आणि डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकूच्या एका वाडीतला बंगला त्यांनी घेतला होता. जवळच्या आगर गावातल्या एका कोळ्याची होडी भाड्याने घेऊन निळी रंगवली आणि तिच्यावर नायिकेचं नाव लिहिलं. पहिल्याच आठवड्यात नायिकेचा बाप भर ओहोटीला होडी ढकलताना दाखवला तेव्हा मास्तरांनी वाहिनीला पत्र लिहिलं. "ओहोटीला होडी निघत नाही, रुतते. कृपया भरतीची वेळ बघून शूटिंग करावे." उत्तर आलं नाही, पण पुढच्या महिन्यात होडी भरतीला निघाली. मास्तरांनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

ती मालिका त्यांची लाडकी झाली. त्याला आणखी एक कारण होतं. डहाणूजवळच्या कैनाड गावची वनिता त्यात होती.

वनिताचा बाप स्टेशनवर मास्तरांच्या हाताखाली रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. नोकरी करून गावाकडे भात, नाचणी करायचा. वनिता बारावी झालेली. शूटिंगला गर्दीत उभं राहायला म्हणून गेली आणि दिग्दर्शकाला तिचं बोलणं आवडलं. नायिकेची मैत्रीण म्हणून आधी दोन वाक्यं मिळाली, मग पानभर. ती आपल्या घरच्यासारखंच बोलायची. तिने "मना नाय पटत" म्हटलं की कैनाडपासून तलासरीपर्यंत घराघरांत लोक टाळी वाजवायचे. माझ्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत तिची नक्कल करायची. मास्तर तर ती पडद्यावर आली की खुर्चीत आणखी ताठ व्हायचे. "तेहतीस वर्षं मी या इलाख्यात गाड्या सोडल्या," ते एकदा म्हणाले, "पण या इलाख्याचा आवाज टीव्हीतून आज ऐकतोय."

गणपतीच्या आधी एका रविवारी वनिता आणि तिचा बाप घरी आले. वनिताच्या हातात पेढे होते. मालिका आणखी वर्षभर चालणार, असं शूटिंगच्या मॅनेजरने तिला सांगितलं होतं. इकडे नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव लागलं होतं. होस्टेलवर राहायचं, एक दिवस गैरहजर चालणार नाही. दोन्ही जमणं शक्य नव्हतं. वनिताने मालिका धरायची ठरवली होती आणि मास्तरांच्या पाया पडायला ती आली होती.

मास्तरांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"या महिन्यात तुला किती दिवस बोलावलं?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"आणि एप्रिलमध्ये?"

"वीस-बावीस असतील." वनिता हसली. "आता पाऊस हाय ना काका."

"बंगल्याच्या आत पाऊस पडत नाही. तुझा भाऊ दाखवला होता तो कुठे गेला?"

"दुबईला पाठवला."

मास्तर उठून खिडकीशी गेले. मग वळून म्हणाले, "पोरी, कोर्सला नाव घाल. ही मालिका दिवाळी बघणार नाही."

आतून मॅचचा आवाज येत होता, तो काकूंनी बंद केला.

"तुम्हीच बोलता ना, मी चांगलं काम करते?" वनिताने विचारलं.

"करतेस. तुझ्याइतकं खरं त्यात कुणीच करत नाही."

"मग?"

"तू चांगली आहेस म्हणून मालिका चालेल, असं नसतं."

वनिता उभी राहिली. "तुम्हाला बसून बघायची सवय हाय, काका. आम्ही तिथं उन्हात उभं राहतो. आमाला जास्त कळतं." आणि ती निघून गेली. बाप दारात घुटमळला. "साहेब, पोर हाय. मनावर घेऊ नका," म्हणाला आणि तिच्यामागे गेला.

मास्तरांनी पेढा ताटलीत ठेवला. त्या संध्याकाळी वनिता पडद्यावर आली तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ताठच बसले होते, पण डोळे भरले होते. "बाई," ते म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला सांगतोय की माझा अंदाज चुकू दे."

गणपतीत कैनाडला वनिताचा सत्कार ठरला. शाळेच्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, तारपा वाजवणारे. शूटिंगचा मॅनेजर प्रमुख पाहुणा आणि मास्तर अध्यक्ष. वनिताच्या बापाने आग्रहच धरला होता. मी आणि काकूही गेलो. वाटेत आगरच्या किनाऱ्याशी मास्तरांनी रिक्षा थांबवायला लावली. खाली उतरून ते बराच वेळ वाळूत उभे राहिले. मग परत येऊन रिक्षात बसले.

सत्कारात मॅनेजरने झकास भाषण केलं. "तुमची वनिता आता घराघरात पोचलीय. आपण अजून हजार भाग करणार!" टाळ्यांनी मांडव हलला. मग मास्तर उठले. त्यांनी वनिताचं कौतुक केलं, तिच्या आईबापाचं केलं, आणि मग मॅनेजरकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, एक विचारू? मालिकेतली निळी होडी मी आज आगरला पाहिली. ती परत लाल रंगवलीय. नायिकेचं नाव पुसून तिच्यावर मालकाच्या आईचं नाव लिहिलंय. पुढच्या हजार भागांत होडी लागणार नाही का?"

मॅनेजर हसला. "होडी काय, दुसरी घेऊ."

"कुणाची ठरलीय?"

"ते... ते आमचं ऑफिस बघतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, शुभ दिवशी काय ही कटकट!" दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय!" लोक हसले. वनिताने मान खाली घातली. मास्तर जागेवर बसले. त्यांच्या गळ्यातला हार काढायचंही त्यांना सुचलं नाही, तो घालूनच ते रिक्षात बसले. घरी येईपर्यंत काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कुणी असं हसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी साडेसहाला खुर्ची रिकामी राहिली.

प्रवेशाच्या मुदतीला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघाले तर फाटकापाशी वनिता उभी. डोळे सुजलेले. मी तिला आत घेऊन आले. मास्तर पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मी काल कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरला बाजूला घेतलं. सरळ विचारलं, दिवाळीनंतर मला काम आहे का. ते हो बोलले."

"मग झालं की," मास्तर म्हणाले.

"बोलले, पण माझ्याकडे न बघता बोलले." तिने ओढणीने तोंड पुसलं. "सहा महिने मी त्यांच्यात राहिले. खोटं बोलताना माणूस कुठे बघतो, ते मला आता कळतं."

मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला. "कागद कुठे आहेत?"

कागद सगळे होते, फक्त शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. बारावी तिने तलासरीला केली होती. दाखला अजून कॉलेजातच होता, आणि गणपतीची सुट्टी चालू होती. मास्तरांनी फोन उचलला. शनिवारी फोन करणाऱ्या त्या हेडक्लार्कना लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो... हो, सुट्टी माहितीय... आईंची तब्येत कशी आहे?... नाही, मालिकेचं नाही, एका पोरीचं काम आहे."

माझ्या शाळेची वाट तलासरीवरूनच, म्हणून रस्ता मला पाठ होता. मी आणि वनिता एसटीने गेलो तेव्हा हेडक्लार्क घरच्या लेंग्यात, कपाटाच्या किल्ल्या हातात घेऊन कॉलेजच्या पायरीवर बसले होते. प्राचार्यांना त्यांनी घरून उठवून आणलं होतं. सही झाली, शिक्का बसला. वनिताच्या हातात दाखला देताना ते मला हळूच म्हणाले, "बाई, मास्तरांना सांगा, काल आईच्या मालिकेत स्वयंपाकघरच दाखवलं नाही. आई जेवली नाही नीट." मी सांगेन म्हटलं.

शेवटच्या दिवशी वनिताला कोर्सला बसवून तिचा बाप परत आला आणि सरळ मास्तरांकडे आला. जुन्या सवयीने दाराशी उभा राहिला. मास्तरांनी त्याला पहिल्यांदाच आपल्या त्या लाकडी खुर्चीवर बसवलं.

पण गोष्ट इथे संपली असती तर फार सोपं झालं असतं. नवरात्र आलं आणि त्या मालिकेने एकदम जोर धरला. रोज जाहिरात, 'नवं वळण'. नायिकेचं लग्न निघालं, ते आठवडाभर चाललं. नवी होडीसुद्धा आली, पिवळी. वनिता मामाकडे गेली असं एका वाक्यात सांगून टाकलं. मग गावात लोक बोलायला लागले. पोरीचं नुकसान केलं. चांगलं चाललेलं काम सोडायला लावलं. न्हाव्याने मास्तरांना काही विचारायचं बंद केलं. कैनाडहून निरोप आला की वनिताची आई रडते आहे. मीही घाबरले. एका संध्याकाळी विचारलंच, "मास्तर, चुकलं का?"

"चुकलं असेल तर मी वनिताच्या घरी जाऊन तिच्या आईची माफी मागेन," ते म्हणाले. "पण बाई, लग्न बघा. एवढं मोठं लग्न आणि जेवणाची पंगत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "चालू राहावी ही मालिका. खरंच राहावी."

दिवाळीच्या आठ दिवस आधी बातमी आली. मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार.

ज्यांनी नावं ठेवली होती तेच लोक आता फाटकाशी येऊन "मास्तर, मानलं!" म्हणायला लागले. मास्तर एकालाही भेटले नाहीत. शेवटच्या भागाच्या संध्याकाळी मात्र त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. भाभी आल्या, न्हावी आला, वनिताचे आईबाप आले. काकू चक्क मॅच सोडून बाहेर येऊन बसल्या. भाग संपला, नावं वर सरकायला लागली तसे मास्तर उठून उभे राहिले. त्यांचं बघून आम्ही सगळे उभे राहिलो. नावं फार वेगाने सरकत होती. वनिताचं नाव कुठेतरी मध्ये येऊन गेलं. तिच्या आईने ते वाचलं की नाही कोण जाणे, पण ती म्हणाली, "आलं, आलं." मास्तर पडदा काळा होईपर्यंत उभे होते. मग म्हणाले, "चांगली मालिका होती. चुकीच्या वेळेला लावली." आणि आत जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं.

वनिता पुढच्या सुट्टीत आली. मास्तरांसमोर बसून दोघांनी त्या मालिकेची मनसोक्त चिरफाड केली. कुठे घसरली, कुणी चुकवली. मी आतून ऐकत होते. दोघंही मधूनच हसत होते.

पुढे माझी बदली झाली. आता मी घाटावर आहे. महिन्यातून एकदा मास्तरांना फोन करते आणि अजूनही आधी त्यांचा मालिकांचा अहवाल ऐकते, मग काकूंकडून क्रिकेटचा. वनिता शिकून नर्स झाली. तलासरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात असते. बाळंतिणींशी ती अजूनही घरच्यासारखंच बोलते, म्हणून लांबलांबच्या पाड्यांवरच्या बायका तिच्याकडे येतात, असं काकू सांगतात.

गेल्या महिन्यात मी फोन केला तेव्हा मास्तरांचा आवाज वेगळाच होता. मला वाटलं काही झालं. पण ते मालिकांबद्दल अक्षरही न बोलता एकदम म्हणाले, "बाई, ऐकलंत का? आपल्या वनिताला पुन्हा बोलावलं. नवीन मालिका. ते लोक आरोग्य केंद्रात आले होते."

"मग? काय म्हणाली?"

"तिने त्यांना तासभर बसवून ठेवलं. किती भाग, कुठल्या वेळेला, दिग्दर्शक कोण, सगळं विचारलं. मग सांगितलं, सुट्टीचे दोन रविवार देईन, त्यात बसत असेल तर बघा, नोकरी सोडणार नाही. आणि ती मालिका सहा महिन्यांत आटपेल, तेव्हा माझं पात्र आधीच मरून जाऊ दे, असंही म्हणाली."

"तुम्हाला काय वाटतं? सहा महिने?"

"अगदी बरोबर. मीही तेवढेच म्हटले असते." पलीकडे ते जोरात हसले. "पण ते नाही हो सांगायचं मला. सगळं ठरवून, त्यांना वाटेला लावून, मग रात्रीच्या जेवणानंतर तिने मला फोन केला. तिने मला आधी विचारलंसुद्धा नाही, बाई! एका शब्दाने विचारलं नाही!"

हे त्यांनी मला त्या एका फोनमध्ये तीन वेळा सांगितलं. काकू मागून म्हणाल्या की सकाळपासून ते गल्लीत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवून हेच सांगत फिरताहेत.